बोडणातले बारा हात

या ग्रुपवर मी दीड-दोन वर्षं नुसती वाचायला येते. खरं सांगू का, हसायला येते. उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, चिंचेखालून आलेली हाक... दुपारच्या चहाबरोबर नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून लिहिणाऱ्याच्या चुका काढायच्या, असा आमचा कार्यक्रम. मी केमिस्ट्रीतली. कोलशेतच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला सव्वीस वर्षं काढली. पट्टीत दहा गोळ्या म्हणजे दहाच हव्यात, नऊ नाही आणि अकरा तर मुळीच नाही, हे बघायचं काम. त्यामुळे ‘जाणवलं’, ‘भास झाला’ असल्या शब्दांची मला ॲलर्जी आहे. देवाला हात जोडते, पण ते बसमधून देऊळ दिसलं की जोडतो ना, तसे.

म्हणून हे लिहायला वर्ष गेलं. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

जागा — डोंबिवली पूर्वेला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ — शुक्रवार, सकाळी साडेअकरा ते साडेबारा. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, लाइट गेले नव्हते. खाली भाजीवाला ओरडत होता. निमित्त होतं बोडणाचं.

ज्यांच्याकडे बोडण नसतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्हा कोकणस्थांमध्ये हा कुळाचार. आमच्याकडे वर्षातून एकदा, शिवाय घरात लग्न झालं, मूल झालं की. चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसतात. मधे परात, परातीत अन्नपूर्णेची छोटी मूर्ती, पुरणपोळी, पुरणाचे दिवे. पूजा-आरती झाली की वरून दूध, दही, तूप, मध, साखर घालायची आणि पाचही जणींनी हात घालून ते सगळं कालवायचं. कुमारिका म्हणजे त्या वेळची देवी. तिला विचारत राहायचं, ‘आणखी काय हवं?’ ती सांगेल ते घालायचं. ती ‘पुरे’ म्हणाली की थांबायचं. पुरुषांना घराबाहेर काढतात, खोलीत ऊन येऊ देत नाहीत आणि कालवलेलं शेवटी गाईला घालतात. आणि हो, विधवांनी त्या खोलीत यायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मी किती सहज लिहिलं बघा. अठ्ठावीस वर्षं पाळलंही तसंच, सहज.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सगळे ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागे दोन खोल्यांत राहायचो. सासू-सासरे, दादा-वहिनी आणि आम्ही दोघं. वहिनींना मूल झालं नाही. माझा रोहन तीन महिन्यांचा झाला आणि मी कामावर रुजू झाले, तेव्हापासून तो शाळेत जाईपर्यंत त्याला वहिनींनी वाढवलं. मी सकाळी सातला कोलशेतची बस धरायची, संध्याकाळी परत यायची तर हा न्हाऊन-जेवून त्यांच्या मांडीवर पेंगत असायचा. पहिल्यांदा ‘आई’ म्हणाला तोही त्यांना. मला तेव्हा राग आलेला. पुढे कधीतरी तो गेला, कारण ती हाक त्यांनी कमावलेली होती.

बोडणातलं मला जे काही येतं तेही त्यांनीच शिकवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या बोडणात मी घाबरत घाबरत हात घातले, आणि दह्या-तुपाच्या आत कोणीतरी माझ्या तळव्याला गुदगुल्या केल्या. मी खुदकन हसले. सासूबाईंनी असे डोळे वटारले की बस. समोर वहिनी मान खाली घालून एकदम साळसूद. मग दर बोडणात हा त्यांचा उद्योग ठरूनच गेला. नवी सून असो, कुमारिका असो, वहिनींच्या बोटातून कोणी सुटलं नाही. त्यांची उजवी करंगळी लहानपणी दारात सापडून बाहेरच्या बाजूला वाकडी झालेली. तिचं टोक बरोबर तळव्याच्या मध्यावर टेकायचं.

सासरे गेले तेव्हापासून सासूबाई बोडणाच्या वेळी आतल्या खोलीत बसायला लागल्या. स्वतःहून. दारामागून सूचना मात्र चालू असायच्या, दूध कोमट आहे ना, समई कुठल्या बाजूला ठेवलीत... कालवताना कहाणी सांगायची, तीही दारामागूनच. परातीपाशी सगळं वहिनी बघायच्या. मग तीन वर्षांपूर्वी दादा गेले. अचानक, वाण्याकडे रांगेत उभे असताना. दोन वर्षं आमच्याकडे बोडण झालंच नाही. आम्ही तोवर डोंबिवलीला आलेलो, सासूबाईही आमच्याकडेच. वहिनींना म्हटलं, तुम्हीही या राहायला. तर म्हणाल्या, ‘डेपोतल्या गाड्यांचा आवाज नसेल तर मला झोप नाही यायची गं.’

त्यानंतर रोहनचं लग्न झालं आणि मुग्धा घरात आली. लग्नात वहिनी होत्या, आनंदात होत्या. हळदीच्या वेळी मात्र ‘जरा चहाचं बघते’ म्हणून आपणहून उठून गेल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

बोडण ठरलं तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, ‘आई, वहिनींना बोलवायचं ना?’

‘बोलवून बसवणार कुठे?’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याजवळ, आत? माझं एक ठीक आहे, मी ऐंशी पार केली. पण तिने वाढवलेला मुलगा तो. त्याच्या बायकोचं बोडण तिने भिंतीआडून ऐकायचं का? त्यापेक्षा तिला कळवूच नकोस.’

ऐकायला हे दयाळू वाटतं. मलाही वाटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. कारण पुढचा प्रश्न ‘मुळात भिंतीआड का?’ हा होता आणि तो मला विचारायचा नव्हता. एका पट्टीत गोळी कमी निघाली म्हणून तीन मॅनेजरांशी भांडलेली बाई मी. पण घरात तोंडातून शब्द फुटला नाही.

मी खोपटला फोन लावला. ‘वहिनी, बोडण सध्या राहू दे म्हणतोय. मुग्धाला सुट्टी मिळत नाहीये.’

त्या म्हणाल्या, ‘बरं बरं. होईल सावकाश. नवी नोकरी आहे, तिला म्हणावं धावपळ नको करू.’ आणि लगेच, ‘रोहनचा खोकला गेला का गं?’

गेला म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी रोहनने विचारलं, ‘काकू कधी येणार?’ त्याला सांगितलं, काकूला ताप आहे, ती नाही येणार. म्हणजे दोन्हीकडे खोटं बोलून मोकळी झाले.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याला आणि रोहनला बाहेर पिटाळलं. ते दोघं फडके रोडवर इडली खायला गेले. सवाष्णी म्हणून मी, मुग्धा, मुग्धाची आई आणि समोरच्या फ्लॅटमधल्या गोरेकाकू. कुमारिका गोरेकाकूंची नात ईरा, वय वर्षं सहा, पुढचे दोन दात पडलेले. सासूबाई आतल्या खोलीत, दार लोटलेलं.

हॉलचे पडदे ओढले. जाड मोतिया पडदे आहेत आमचे. ऊन आत आलं नाही, पण उजेड त्यातून झिरपत राहिला, पिवळसर, दुधाळ. समया विझू नयेत म्हणून पंखा बंद होता. खालचा भाजीवाला, वरच्यांचा मिक्सर, लिफ्टचं दार, सगळं हळूहळू लांब गेलं. दुपारी जेवून आडवं पडलं की झोप लागायच्या आधी आवाज येत असतात पण ते आपल्यासाठी नसतात, तसं काहीसं. मी झोपेत नव्हते हे मात्र नक्की. उपास होता, पण चहा दोनदा झालेला.

आरती झाली. पाची जणींनी बांगड्या मागे सारून परातीत हात घातले. दारामागून कहाणी सुरू झाली.

‘आटपाट नगर होतं. तिथे एक राणी होती. राणीनं बोडण मांडलं. गावातल्या मानाच्या सवाष्णी बोलावल्या. दूध घातलं, दही घातलं, तूप घातलं. कुमारिका काही पुरे म्हणेना. राणीनं गावचं दूध आणवलं, पंचक्रोशीचं दूध आणवलं. परात भरेना, देवी पुरे म्हणेना...’

सासूबाईंचा आवाज एकसुरी, जात्यावर बसल्यासारखा. इकडे आम्ही विचारत होतो, ‘आणखी काय हवं?’ ईरा म्हणायची, ‘मध.’ पुन्हा ‘आणखी काय हवं?’ पुन्हा ‘मध.’ सहा वर्षांत तिला एवढा मान कोणी दिला नव्हता, ती कशाला पुरे म्हणतेय. तिसऱ्यांदाही मधच मागितला. आमची परात मात्र भरत आलेली. दूध कोमट होतं, तूप बोटांमध्ये विरघळत होतं, पुरण मऊ होऊन तळाशी गेलेलं. मनगटापर्यंत सगळ्यांचे हात एका रंगाचे झाले. कुणाचं बोट कुणाला लागतंय ते कळेनासं झालं. हात फिरत होते आणि मी बघत होते. कितीतरी वेळ. पाच मिनिटंही झाली नसतील, पण मला अख्खी दुपार गेल्यासारखं वाटलं.

‘राणीनं देवीला विचारलं, माझं काय चुकलं...’ इथवर आवाज आला आणि थांबला. सासूबाईंचा डोळा लागला असणार. या वयात लागतो.

आणि माझ्या उजव्या तळव्याच्या मध्यावर कोणीतरी बोटाचं टोक फिरवलं.

मला आश्चर्य वाटलंच नाही. सगळ्यात विचित्र काय, तर हेच. मी मान वर न करता हसले आणि मनात म्हटलं, पुरे हं वहिनी. इतक्या वर्षांची सवय. ते म्हणून झाल्यावर मग आठवलं, वहिनी तर खोपटला आहेत.

तेवढ्यात ईरा खिदळली. ‘पुरे, पुरे, पुरे.’

‘ईरू, असं हसायचं नाही,’ गोरेकाकू म्हणाल्या.

‘मग तू गुदगुल्या का करतेस?’

‘मी कुठे करतेय?’

मी परातीत पाहिलं. पाहिलं की मोजायचं, ही माझी नोकरीतली सवय. पाच जणी म्हणजे दहा हात. बारा आले. वर पाहिलं. मुग्धा, तिची आई, गोरेकाकू, ईरा आणि मी. चेहरे पाचच. पुन्हा खाली पाहिलं. बोटं बुडालेली होती म्हणून या वेळी मनगटं मोजली, एकेक करून. बारा.

माझ्या आणि मुग्धाच्या मधे हातभर जागा होती. त्या जागेतून दोन मनगटं आलेली होती, सावळी, बांगड्या नसलेली. त्यांच्या मागे काय होतं ते मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. तिथे पडद्यातून येणारा तो दुधाळ उजेड होता, बाकी काही नाही. उजवा हात सावकाश दुधातून वर आला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

भीती नाही वाटली. विश्वास ठेवा अगर ठेवू नका. घरातलं माणूस उशिरा येऊन पंगतीला बसावं, इतकं ते साधं वाटलं. डोळे मात्र भरून आले, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

‘झालं ना मग,’ म्हणत मुग्धाच्या आईने हात बाहेर काढले. पाठोपाठ सगळ्यांनी काढले. मी मोजले. दहा.

पुढे अजून आहे. मूर्ती काढायची म्हणून गोरेकाकूंनी परातीच्या तळापर्यंत हात फिरवला. लागेना. बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा, मुग्धाला तिच्या आईने लग्नात गौरीहराच्या वेळी दिलेली. मुग्धाने चाचपलं, मी चाचपलं. पोरीचा चेहरा उतरला. सासरचं पहिलं बोडण आणि माहेरची अन्नपूर्णा हरवली, तिला दुसरं काय वाटणार.

‘अगं, ही काय इथे,’ तिची आई म्हणाली.

मूर्ती परातीच्या बाहेर होती. माझ्या आणि मुग्धाच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत, पाटाच्या कडेला, नीट बसवलेली. स्वच्छ. अंगावर दुधाचा थेंब नाही, आणि आमचे सगळ्यांचे हात तर मनगटापर्यंत बरबटलेले. गोरेकाकू म्हणाल्या, ‘बरं केलंस शुभा, वेळेत काढलीस.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सवाष्णी जेवल्या. मी नुसतं वाढलं, जेवले नाही. पुरणपोळ्यांचा डबा भरला, तूप वेगळं घेतलं आणि रोहनला म्हटलं, मला खोपटला सोड.

माणकोलीचा पूल झाल्यापासून ठाणं जवळ आलंय, तरी त्या दिवशी रस्ता सरेना. कहाणी अर्धी राहिली होती ती डोक्यात फिरत होती. शेवट मला पाठ आहे. देवी राणीला सांगते, ज्या गाईचं दूध तू आणलंस, ती गाय दोहणारी बाई गोठ्यात उभी आहे. तिच्या हातांना शेणाचा वास म्हणून तू तिला बोलावलं नाहीस. तिचे हात आले नाहीत तोवर मी पुरे कशी म्हणू? मग राणी गोठ्यात जाते, तिला हाताला धरून आणते, आणि परात भरते. ही कहाणी मी अठ्ठावीस वर्षं ऐकतेय. दोन विधवा सांभाळणाऱ्या घरात ऐकतेय.

रोहन गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि मी एकटीच वर गेले. वहिनींनी दार उघडलं. अंगात गाऊन, केस सुटलेले, डोळ्यांत झोप.

‘अगं, तू? ये ये. बघ ना, कधी नाही ते आज अकराला जरा पाठ टेकली आणि जी झोप लागली... आत्ता उठतेय. भाजी तशीच चिरायची पडलीये.’

मी पिशवी मांडीवर धरून बसले. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

‘आणि स्वप्न काय पडावं, शुभा? बोडणाचं.’ त्या हसल्या. ‘आई कुठूनशा कहाणी सांगतायत. एक मुलगी होती, पुढचे दात नव्हते गं तिला. आपली सारखी मध मागतेय, मध, मध. मी म्हटलं ही काही थांबायची नाही, म्हणून केल्या गुदगुल्या. तुलाही केल्या. तू हसलीस पण बघितलं नाहीस माझ्याकडे. मग बघते तर अन्नपूर्णा तळाशी आडवी पडलेली. मला आपलं वाटलं, नाकातोंडात दूध जायचं हिच्या. काढली, पदराने पुसली आणि ठेवली कडेला.’ गाऊनकडे बघत म्हणाल्या, ‘स्वप्नात पदर होता हं मला. आणि उठले तर हातांना तुपाचा वास. वय झालं, दुसरं काय.’

त्यांनी हात माझ्या नाकापुढे धरले. वास येत होता. तूप, मध, थोडं जायफळ. पण माझ्याही हातांना तोच वास होता, साबणाने तीनदा धुऊनसुद्धा. लॅबमध्ये असं सॅम्पल मी बाद केलं असतं.

त्या वेळी मला उठून जाता आलं असतं. ‘सहज आले होते’ म्हणायचं आणि डबा तसाच परत न्यायचा. त्यांना कधीच कळलं नसतं. स्वप्न हे स्वप्नच राहिलं असतं आणि माझं खोटंही सुखरूप राहिलं असतं. मी तो विचार केला, लपवत नाही.

‘वहिनी, बोडण आज झालं,’ मी म्हटलं. ‘सकाळीच. मी तुमच्याशी खोटं बोलले.’

खाली डेपोत गाडी मागे घेत होते, शिट्टी वाजत होती. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. एकदा उलटे केले, एकदा सुलटे.

‘मुग्धाची अन्नपूर्णा?’ त्यांनी विचारलं.

‘पाटाच्या कडेला सापडली. पुसलेली.’

‘आणि ती मुलगी?’

‘आमच्या शेजारच्या काकूंची नात. तिचे दात पडलेत.’

मग म्हणाल्या, ‘बोलावलं असतंस ना, तर मी आले नसते गं. आईंना अवघड झालं असतं, तुला झालं असतं. मी आपणहूनच नाही म्हटलं असतं.’ आणि मग, ‘पण बोलवायचं होतंस.’

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पन्नाशी उलटलेली बाई. त्यांनी मला रडू दिलं. मग पिशवीतून डबा काढला, पोळीवर तूप घातलं आणि पहिला घास मलाच भरवला. मी सकाळपासून जेवलेली नाही हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात रोहन वर आला. चपला काढता काढता म्हणाला, ‘काय काकू, ताप उतरला का?’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण.

‘उतरला रे,’ त्या म्हणाल्या. ‘आज सकाळीच उतरला.’

त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. बारा हात, करंगळी, मूर्ती, खोपटचं स्वप्न. त्या वाती वळत होत्या, वळतच राहिल्या. मला वाटलं म्हणतील, उपाशीपोटी चक्कर आली असेल. पण त्या म्हणाल्या, ‘बोडणातले हात मोजायचे नसतात.’

‘का?’

‘नसतात मोजायचे.’

हा नियम मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता. रांगोळीपासून समईच्या तोंडापर्यंत सगळं सांगितलं, हे नाही. सासरे गेल्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासूनच्या एकाही बोडणात मी हात मोजले नव्हते. दाराआड एकटीने बसून त्या काय करत असतील, त्यांनाही डुलकी लागत असेल का, हे विचारायचं कित्येकदा ओठांवर आलं. अजून विचारलेलं नाही.

माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. उपाशी पोट, बंद पंखा, जुनी सवय आणि मनात सलणारं खोटं, यात माझे बारा हात बसवता येतात. मूर्ती कोणीतरी नकळत काढून पुसली असेल. ईराचं म्हणाल तर लहान मुलांना हसायला कारण लागत नाही. आता वहिनींचं. त्यांना कोणी फोनवर सांगितलं असेल म्हणावं, तर गोरेकाकू त्यांना ओळखत नाहीत, मुग्धा आणि तिची आई नाही म्हणतात, सासूबाईंनीच तर कळवू नको म्हटलेलं, आणि दात पडलेली मुलगी मध मागते हे कोणी मुद्दाम कशाला कळवेल? एकेक गोष्ट सुटी घेतली तर उडवता येते. सगळ्या मिळून उडत नाहीत. रिपोर्ट लिहायचा असता तर कारणाच्या रकान्यात मी रेघ मारली असती. इथल्या कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मी आता हसणार नाही.

गेल्या महिन्यात मुग्धाला मुलगी झाली. पुढच्या शुक्रवारी बोडण आहे. या वेळी मी सासूबाईंना विचारलं नाही, सांगितलं. ‘आई, वहिनींना फोन केलाय. त्यांनी आत बसायचं नाही, परातीपाशी बसायचं. आणि तुम्हीही.’

वहिनी फोनवर नुसतं ‘बघते’ म्हणाल्या. येतील की नाही, मला माहीत नाही. सासूबाई तर त्यावर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना नाही, औषध घेताना नाही. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी मी भाजी निवडत बसलेले, तर त्या भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. फळीवरची बोडणाची परात खाली घ्यायला लावली, ओट्यावर ठेवली आणि वाकून तिच्यावर वीत टाकून पाहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोनदा.

‘ही लहान पडेल,’ त्या म्हणाल्या. ‘गोरेबाईंकडून मोठी मागून आण.’